मुलांच्या मालिकेतली भीती कमी करायची की तिची जागा बदलायची? ‘स्कूबी-डू’च्या घडणीवरून एक उत्तर

कोकणातल्या भुताखेतांवर आधारलेली, सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठीची अ‍ॅनिमेशन मालिका तुम्ही आखलीत आणि ‘मुलांसाठी फार भीतीदायक’ असा शेरा मारून वाहिनीने ती परत पाठवली. आता भुते सौम्य करावीत का आणि अशा मालिका मुळात घडतात तरी कशा, हे तुम्ही विचारले आहे. माझे मत आधीच सांगतो. भुतांना इतक्यात हात लावू नका. नेमका हाच शेरा मिळालेली एक मालिका अमेरिकेत १९६९ मध्ये पडद्यावर आली आणि तिच्या नव्या नव्या आवृत्त्या आजही निघत आहेत. ती मालिका म्हणजे ‘स्कूबी-डू, व्हेअर आर यू!’. तीत फ्रेड, डॅफ्नी, व्हेल्मा आणि शॅगी ही चार तरुण मुले आणि त्यांचा भित्रा कुत्रा स्कूबी भुतांची रहस्ये सोडवतात. स्टोरीबोर्ड करणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी तिच्या घडणीचा अभ्यास करायला सांगतो, कारण भीतीचा प्रश्न तिथे भीती न काढता सोडवला गेला.

आधी त्या वेळची परिस्थिती लक्षात घ्यायला हवी. १९६६ च्या सुमारास अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीचे दिवसाच्या कार्यक्रमांचे प्रमुख फ्रेड सिल्व्हरमन यांनी शनिवार सकाळची वेळ अतिमानवी नायकांच्या व्यंगपटांनी भरून टाकली होती. त्यातल्या बऱ्याच मालिका हॅना-बार्बेरा स्टुडिओच्या होत्या आणि त्या चांगल्या चालतही होत्या. मात्र मुलांच्या पडद्यावर चाललेल्या मारामारीविरुद्ध पालकांमध्ये असंतोष वाढत होता. १९६८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात पेगी चॅरेन आणि इतर पालकांनी ‘अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही संघटना स्थापन केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी हिंसाचाराच्या कारणांचा शोध घेण्यासाठी आयोग नेमला आणि दूरचित्रवाणीही त्या चौकशीच्या कक्षेत आली. अशा वातावरणात ठोसे आणि किरणास्त्रे यांवर उभ्या असलेल्या मालिका टिकणे शक्य नव्हते. एकेक करून त्या बंद झाल्या आणि सिल्व्हरमन यांना मारामारीशिवाय मुलांना खिळवून ठेवेल असे काहीतरी हवे होते.

त्यांच्यासमोर एक ताजे उदाहरण होते. १९६८ मध्ये सीबीएसवरच सुरू झालेल्या ‘द आर्ची शो’मध्ये शाळकरी मुलांचे एक वाद्यवृंदपथक होते आणि त्या पथकाच्या नावाने निघालेले गाणे पुढच्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक गाजले. सिल्व्हरमन यांना तसेच तरुण मुलांचे पथक हवे होते, पण त्यात त्यांच्या लहानपणच्या रेडिओवरच्या रहस्यमालिकांची गोडीही मिसळायची होती. हे काम हॅना-बार्बेराकडे गेले आणि तिथे ते जो रुबी आणि केन स्पीअर्स या दोन लेखकांकडे व इवाओ ताकामोतो या चित्रकाराकडे आले. रुबी आणि स्पीअर्स दोघेही आधी त्याच स्टुडिओत ध्वनिसंकलनाचे काम करत होते, हे मला महत्त्वाचे वाटते. दाराची करकर नेमकी कुठे ठेवायची आणि कुठे शांतता सोडायची, हे ज्याच्या हाताला ठाऊक असते तो भुताची गोष्ट वेगळ्या तऱ्हेने लिहितो.

पहिल्या आराखड्याचे नाव होते ‘मिस्टरीज फाइव्ह’. त्यात पाच मुले होती, गावोगाव कार्यक्रम करता करता ती भुतांची आणि झोंबींची रहस्ये सोडवत, आणि त्यांच्यासोबत बोंगो वाजवणारा ‘टू मच’ नावाचा कुत्रा होता. कुत्रा मोठा, भित्रा असावा की लहान, तडफदार, यावर बराच खल झाला. मोठा आणि भित्रा ठरल्यावर ग्रेट डेन या उंच, दांडग्या जातीचा घ्यावा की केसाळ मेंढपाळ कुत्रा, हा प्रश्न आला. वृत्तपत्रांतल्या एका प्रसिद्ध चित्रमालिकेत आधीच ग्रेट डेन असल्यामुळे लेखक बिचकत होते, पण केसाळ कुत्रा ‘आर्ची’मध्ये होता. शेवटी स्टुडिओच्या दोन संस्थापकांपैकी जो बार्बेरा यांनी धीर दिल्यावर ग्रेट डेन पक्का झाला. पात्रांचे स्वभाव ठरवताना १९५९ ते १९६३ या काळात सीबीएसवर चाललेल्या ‘द मेनी लव्ह्ज ऑफ डोबी गिलिस’ या विनोदी मालिकेतली तरुण मंडळी नमुन्यासाठी घेतली गेली. शॅगीची हनुवटीवरची दाढी, त्याची ढिली चाल आणि कामाचा कंटाळा तिथूनच आला आहे.

यानंतर घडलेला प्रसंग तुमच्या प्रसंगाशी जुळतो. सिल्व्हरमन यांनी नाव बदलून ‘हूज स्स्-स्केअर्ड?’ केले आणि १९६९-७० च्या हंगामाची मुख्य मालिका म्हणून ती वाहिनीच्या वरिष्ठांपुढे मांडली. सीबीएसचे अध्यक्ष फ्रँक स्टँटन यांनी मांडणीची चित्रे पाहिली, ती मुलांसाठी फार भीतीदायक वाटली, आणि मालिकाही तशीच असेल असे गृहीत धरून त्यांनी नकार दिला. सिल्व्हरमन यांच्या वेळापत्रकातला सर्वांत मोठा कप्पा रिकामा झाला.

निर्णय झाला तो स्थिर चित्रांवर. स्थिर चित्रातल्या भुताला पुढचा क्षण नसतो. ते पाहणाऱ्याकडे रोखून बघत राहते आणि पाहणाऱ्याला कुणाच्या मागे लपता येत नाही. पडद्यावर मात्र भूत दोन सेकंद दिसते, मग कुणाचा तरी घाबरलेला चेहरा दिसतो, मग पळापळ होते आणि मुलाच्या पोटातला गोळा हसण्यात विरघळतो. वाहिनीला दाखवायच्या फलकांवर यातला पहिलाच टप्पा उतरतो, कारण चित्रकार मेहनत त्यावरच घेतो. तुमच्या प्रस्तावातही पहिल्या पानावर पिंपळाखालचा मुंजा एकटाच उभा आहे. त्याच्याकडे पाहणारे पात्र त्या चित्रात नाही.

आता बदल काय झाले ते पाहा. वाद्यवृंद काढून टाकला गेला. मुलांच्या गर्दीत मागे असलेला कुत्रा आणि शॅगी यांना अगदी पुढे आणले गेले आणि मालिका त्या दोघांच्या भित्रेपणाभोवती फिरू लागली. रात्रीच्या विमानप्रवासात फ्रँक सिनात्रा यांच्या एका गाण्याच्या शेवटचे निरर्थक बोल कानावर पडले आणि त्यातून कुत्र्याचे नवे नाव सुचले, असे सिल्व्हरमन सांगत. मालिकेलाही त्याचेच नाव दिले गेले. एवढ्या बदलांनंतर ती मंजूर झाली आणि १३ सप्टेंबर १९६९ या शनिवारी तिचा पहिला भाग प्रसारित झाला.

भुते मात्र फारशी सौम्य झाली नाहीत. पहिल्या हंगामाच्या दुसऱ्या भागात कॅप्टन कटलरचे भूत रात्री समुद्रातून बाहेर येते. अंगावर जुन्या घडणीचा, गोल काचेच्या शिरस्त्राणाचा पाणबुड्याचा पोशाख, त्यावर लोंबणारे चमकते शेवाळ, आणि चाल इतकी संथ की पळायला वेळ आहे हे कळत असूनही पाय जागचे हलू नयेत. हे चित्र एकटेच फलकावर लावले, तर आजही अनेक वाहिन्या ते परत पाठवतील. पण त्याच्यासमोर एक माणसाएवढा उंच कुत्रा आहे, जो मुलापेक्षा जास्त घाबरतो. घरात बसलेले सहा वर्षांचे मूल त्या क्षणी खोलीतले सर्वांत भित्रे कुणी नसते. त्याच्याहून मोठे, त्याच्याहून बलवान आणि तरीही थरथरणारे एक पात्र पडद्यावर असते, त्यामुळे मुलाला हसण्याचा आणि थोडे शूर होण्याचा अधिकार मिळतो. भीती तेवढीच राहिली आणि ती सोसायला चौकटीच्या आत एक पात्र आले. माझ्या मते या मालिकेच्या घडणीतला निर्णायक विचार हाच आहे, बाकीची कारागिरी त्याच्या सेवेला आहे.

या पात्राचे रेखाटन करणारे इवाओ ताकामोतो यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. त्यांचा जन्म १९२५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जपानी स्थलांतरितांच्या घरी झाला. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना छावण्यांत डांबले गेले, तेव्हा त्यांच्या कुटुंबाची रवानगी कॅलिफोर्नियातल्या मॅन्झनार छावणीत झाली आणि तिथेच सोबतच्या कैद्यांकडून त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले. १९४५ मध्ये ते डिस्ने स्टुडिओत रुजू झाले आणि १९६१ मध्ये हॅना-बार्बेरात आले. ग्रेट डेन काढायचा ठरल्यावर, ही जात पाळणाऱ्या स्टुडिओतल्याच एका सहकारी बाईंना त्यांनी उत्तम कुत्र्याची लक्षणे विचारली. त्या बाईंनी सरळ पाठ, सरळ पाय, रेखीव हनुवटी अशी लक्षणे सांगितली आणि ताकामोतो यांनी बरोबर उलटे केले. पाठीला पोक दिला, पाय फेंगडे केले, हनुवटी मोठी काढली आणि रंगही त्या जातीचा ठेवला नाही. रुबाबदार जातीचा कुत्रा भित्रा दाखवायचा तर त्याच्या सांगाड्यातच रुबाब मोडलेला असावा लागतो, मग प्रत्येक प्रसंगात वेगळा अभिनय करून घेण्याची गरज उरत नाही. पात्ररचनेचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

ही गरज उरू नये यामागे पैशाचेही कारण होते. सेकंदाला चोवीस चौकटी धरल्या, तर बावीस मिनिटांच्या भागाला ३१,६८० चौकटी लागतात, आणि प्रत्येकीसाठी नवे चित्र काढणे दूरचित्रवाणीच्या अंदाजपत्रकात बसत नाही. १९५७ मध्ये स्टुडिओ काढल्यापासून विल्यम हॅना आणि जो बार्बेरा यांनी मर्यादित अ‍ॅनिमेशनची पद्धत रुळवली होती. धड स्थिर ठेवायचे, डोके किंवा तोंडच वेगळ्या सेलवर, म्हणजे पारदर्शक तावावर, हलवायचे, पळण्याचे एकच आवर्तन पुन्हा पुन्हा वापरायचे आणि मागची पार्श्वभूमी सरकवत राहायचे, असे तिचे स्वरूप. याच स्टुडिओच्या योगी अस्वलाच्या गळ्यातली कॉलर डोके आणि धड यांचा सांधा झाकते. स्कूबीचा निळा पट्टा, फ्रेडच्या गळ्यातला नारिंगी रुमाल, डॅफ्नीचा हिरवा रुमाल आणि व्हेल्माच्या स्वेटरची उंच कॉलर याच नजरेने पाहा, म्हणजे पोशाखाची निवड किती व्यवहारी होती ते लक्षात येईल.

या काटकसरीचा भुताच्या गोष्टीला फायदाच झाला. अंधारात हालचाल कमी दिसली तरी चालते, आणि रंगवलेल्या निळ्या-जांभळ्या पार्श्वभूमीवर एखादी वाकडी फांदी किंवा अर्धवट उघडे दार हलले नाही, तर ते अधिकच धास्ती घालते. पार्श्वभूमीचे काम वॉल्ट पेरेगॉय यांच्याकडे होते. डिस्नेतल्या अनुभवातून आलेला त्यांचा रंगांचा धीटपणा इथे कामी आला. वाडे, खाणी, सर्कशीचे तंबू आणि धुक्यातले धक्के पात्रांपेक्षा जास्त बारकाईने रंगवलेले आहेत. वातावरणावर खर्च करायचा आणि हालचालीवर वाचवायचा, ही विभागणी तुमच्या मालिकेलाही उपयोगी पडेल.

आवाजाविषयी थोडक्यात. स्कूबीला डॉन मेसिक यांनी प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला ‘र’ची गुरगुर घालून बोलते केले, त्यामुळे तो धड माणूस नाही आणि धड कुत्राही नाही असा मधला प्राणी झाला. शॅगीचा आवाज रेडिओवरचे निवेदक केसी केसम यांचा होता. व्हेल्माचा चष्मा पडण्याचा प्रसंग संहितावाचनाच्या वेळी तिचा आवाज देणाऱ्या निकोल जॅफी यांचा स्वतःचा चष्मा हरवला त्यातून आला, असे सांगितले जाते, आणि तो पुढे वारंवार वापरला गेला. ध्वनिफितीत प्रेक्षकांच्या हसण्याचा आवाजही मिसळलेला होता. आज तो आपल्याला खटकतो, पण अंधारात एकट्या बसलेल्या मुलाला सोबत आणखी माणसे असल्याचा दिलासा त्यातून मिळत असावा, असे मला वाटते.

संहितेचा साचा सर्वांना परिचित आहे. भारतात १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आल्यानंतर वाढलेल्या मराठी मुलांनाही तो पाठ असेल. गाडी बिघडते किंवा वाट चुकते, भूत दिसते, खुणा सापडतात, सापळा फसतो आणि तरीही भूत पकडले जाते, मुखवटा निघतो. पालकसंघटनांचा आक्षेप हिंसेला होता आणि या साच्यात हिंसा जवळजवळ नाहीच. पाठलाग आहे, पडापडी आहे, पण कुणी कुणाला मारत नाही. मुखवट्याखालच्या माणसाची कारणे मात्र मुद्दाम तपासून पाहण्यासारखी आहेत. पहिल्याच भागातला काळा सरदार म्हणजे खरी चित्रे लांबवून त्या जागी बनावट चित्रे लावणारा संग्रहालयाचा अधिकारी निघतो. कॅप्टन कटलर स्वतःच्या मृत्यूचे नाटक करून नौका चोरत असतो. खाणीतले भूत तिथे सापडलेल्या तेलासाठी उभे केलेले असते, आणि विमानतळावरचे अंतराळभूत म्हणजे जमीन स्वस्तात मिळवू पाहणारा शेजारी. जमीन, तस्करी, दडवलेले धन, वारसा ही सगळी मोठ्या माणसांच्या व्यवहारातली कारणे आहेत. मुलांच्या मालिकेत ती इतक्या सरळपणे आली, म्हणून शेवटचा उलगडा पोरकट वाटत नाही.

पहिल्या हंगामात १७ आणि दुसऱ्यात ८ असे या मूळ मालिकेचे २५ भाग झाले. त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर तरुण गुप्तहेरांचीच ‘द हार्डी बॉइज’ ही मालिका चालू होती, पण मुले स्कूबीकडे वळली. पुढच्या काही वर्षांत खुद्द हॅना-बार्बेरानेच तरुणांचे टोळके आणि एक बोलका सोबती या सूत्रावर कितीतरी मालिका काढल्या. कधी सोबती भूत होते, कधी मोटार, कधी शार्क. त्या मालिका मात्र स्कूबीइतक्या टिकल्या नाहीत. १९८५ मध्ये आणि पुन्हा १९९८ मध्ये स्कूबीच्या कथांत खरी भुते आणली गेली. तोवर भित्र्या जोडीशी प्रेक्षकांचे नाते इतके घट्ट झाले होते की मुखवटा न निघताही गोष्ट पेलली गेली.

आता तुमच्या मालिकेकडे येतो. हा साचा कोकणात जसाच्या तसा उचलून चालणार नाही. वेतोबा किंवा देवचार या गावाच्या राखणदारांना तुम्ही भुतांच्या यादीत घातले आहे, ते काढावे असे माझे स्पष्ट मत आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला लोक चामड्याच्या वहाणा आणि केळ्यांचे घड अर्पण करतात, रात्री तो गावाची राखण करत फिरतो अशी तिथल्या माणसांची श्रद्धा आहे. त्याच्या रूपाखालून लबाड सावकार काढून दाखवणे म्हणजे ज्या मुलांसाठी तुम्ही मालिका करता त्यांच्याच घरातल्या राखणदाराचा अवमान होय. राखणदार राखणदारच राहू द्या. तो न दिसता गोष्टीत असला तरी मुलांना आधार वाटेल. मुंजा, गिऱ्हा आणि चकवा मात्र तुमच्या कामाचे आहेत. खाडीत होडीची वाट चुकवणाऱ्या गिऱ्ह्याआडून वाळूची चोरटी ने-आण करणारी टोळी निघाली, तर कोकणातल्या मुलाला ते समजावून सांगावे लागणार नाही.

चकव्याचा भाग तर तुम्ही पहिला करावा. तोच आंब्याचा बुंधा, तोच मैलाचा दगड, तीच पायवाट पुन्हा पुन्हा समोर येणे हा चकव्याचा अनुभव, आणि सरकणारी पार्श्वभूमी पुन्हा पुन्हा वापरणे ही आपली काटकसर. एरवी जी पुनरावृत्ती आपण प्रेक्षकापासून लपवतो, तीच इथे कथा होते. तिसऱ्या फेरीला त्याच दगडावर एखादी लहानशी नवी खूण ठेवा, मुले ती तुमच्या नायकांच्या आधी शोधतील.

तुमच्या चार मुलांपैकी घाबरणारे कुणीच नाही, सगळी धीट आहेत, ही प्रस्तावातली खरी उणीव आहे. बैलगाडीमागून फिरणारा जो रेडा तुम्ही विनोदासाठी ठेवला आहे, त्याला पुढे आणा. दांडगा, शिंगे उगारलेला, आणि सुकलेले पान पडले तरी गाडीखाली घुसणारा. त्याचा भित्रेपणा संवादात सांगू नका, मान आणि पाठ यांच्या रेषेतच तो काढून घ्या, आणि गळ्यात घुंगरांचा रुंद पट्टा घाला, म्हणजे डोके वेगळे हलवता येईल आणि घुंगरांच्या आवाजावरून तो थरथरतो आहे हे अंधारातही कळेल.

वाहिनीकडे परत जाताना एकेकटे चित्र नेऊ नका. तीन चौकटींचा फलक करा. पहिल्या चौकटीत मुंजा, दुसऱ्या चौकटीत त्याला पाहणारा रेडा, तिसऱ्या चौकटीत मुलांच्या अंगावरून पळत सुटलेला रेडा. शक्य असल्यास तेवढ्याच प्रसंगाची वीस-पंचवीस सेकंदांची, आवाजासहित अ‍ॅनिमॅटिक (स्टोरीबोर्डची चित्रे जोडून केलेली कच्ची चित्रफीत) बनवून घ्या आणि फलकाच्या आधी ती दाखवा. मुंज्याचे रेखाटन आत्ता आहे तसेच ठेवा.